सात फुल्या

रुग्णालयात त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्याला फुलीमास्तर म्हणत.

काम म्हणाल तर सह्या घेणं. ऑपरेशन असो, भूल असो, रक्त चढवणं असो, माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी कागदावर त्या माणसाची सही लागते, आणि ती सही फुलीमास्तर घेऊन येई. संमतिपत्र सात पानांचं. प्रत्येक पानाच्या तळाशी तो पेन्सिलीने आधीच एक नाजूक फुली मारून ठेवी, कागद लावलेली फळी पेशंटच्या छातीशी धरी आणि म्हणे, "इथे. इथे. आता इथे." सातव्या पानावरची सही पहिलीपेक्षा नेहमी वळणदार येई, कारण तोवर हात बसलेला असे.

"वाचायला हवं का हो?" असं कुणी विचारलंच तर तो कधी नाही म्हणाला नाही. "वाचा की, अवश्य वाचा. फक्त तीन वाजता तुमचा नंबर आहे." यात खोटं काहीच नव्हतं.

नऊ वर्षांत त्याचा एकही कागद कोरा परत आला नव्हता. एका गृहस्थांनी फुलीवर सही करण्याऐवजी फुलीच गिरवून दिली होती, ती चालवून घेण्यात आली. एकदा सासऱ्याला भेटायला आलेल्या जावयाच्या हातात चुकून फळी गेली. त्यानेही भराभर सात सह्या ठोकल्या. ऑपरेशनचे हिरवे कपडे घालून त्याला स्ट्रेचरवर झोपवेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. नंतर तो म्हणाला, "मला वाटलं, भेटायला येणाऱ्यांचीही तपासणी करत असतील." सासऱ्यांचं म्हणणं असं पडलं की आता झोपलाच आहे तर काहीतरी काढून घ्या.

ही गोष्ट फुलीमास्तर चहा पिताना सांगत असे आणि सगळे हसत. तोही हसे. त्याची आई आजारी पडेपर्यंत ती गोष्ट विनोदीच होती.

*

आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, आरसा, कापायचं लांब टेबल आणि चपट्या खडूंचा डबा. बोलणं बेताचं. दिवसाला दहा वाक्यं म्हणजे फार झाली, आणि त्यातली दोन ठरलेली: "बघितलंत? कापू?"

तिची एक पद्धत होती. कापडावर खडूने खूण केली की कात्री उचलायची नाही. आधी गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, कापड अंगाला लावायचं, खूण दाखवायची. गळा इथवर येईल, बाही इथे संपेल, मग पुढे वाढवता येणार नाही. "बघितलंत? कापू?" गिऱ्हाईक घाईत असे. म्हणे, "अहो मावशी, तुम्हाला कळतंय, कापा." यावर आई काहीच बोलत नसे, नुसती खडू धरून उभी राही. शेवटी गिऱ्हाइकाला आरशात बघावंच लागे. एका बाईंनी तर कंटाळून बघितलं आणि गळा दोन बोटं वर घ्यायला सांगितला. "बघ," आई नंतर मुलाला म्हणाली होती. तो तिचा त्या दिवसातला निम्मा संवाद होता.

फुली मारायची सवय त्याने तिथूनच उचलली होती. खूण आईची होती. आरसा तेवढा घरी राहिला.

चार महिने तिचा आवाज घोगरा होता. घसा बसलाय, घसा बसलाय, करत दिवस गेले. मग त्यानेच तिला आपल्या रुग्णालयात आणलं, घशाच्या आतला एक कण काढून तपासायला गेला, आणि तीन दिवसांनी दुपारी फुलीमास्तरचा फोन वाजला.

तपासणीच्या खोलीत त्याचा एक दोस्त होता. रिपोर्ट पाकिटात घालून, चिकटवून, फक्त पेशंटच्या हातात द्यायचा, असा फलक त्या खोलीत लावलेला आहे. दोस्ताने रिपोर्ट त्याच फलकाला टेकवून त्याचा फोटो काढला, कारण तिथे उजेड चांगला पडतो. खाली लिहिलं, "आपला माणूस म्हणून आधी तुला."

आपल्या माणसाने तो वाचला. खुर्चीवर बसला. मग ताईला पाठवला, कारण एवढं एकट्याने धरून ठेवायचं त्याला जमेना. ताईने तो मामाला पाठवला आणि लिहिलं, कुणाला सांगू नका. मामाने तो घराण्याच्या त्रेचाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, कुणाला सांगू नका. टाकल्यावर त्याला आठवलं की त्रेचाळिसांत आईही आहे. त्याने घाईघाईने तिला ग्रुपमधून काढलं आणि खाली खुलासा केला, "अक्काला तात्पुरतं काढलं आहे, गैरसमज नसावा."

आईचा फोन तेव्हा बटणांच्या खणात होता. ती एका फ्रॉकची किनार दुमडत होती.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली. सात वर्षं न आलेली चुलत जाऊ आली. कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला, तो ग्रुपवर नव्हता, तरीही आला. प्रत्येकाच्या हातात फळांची पिशवी आणि चेहऱ्यावर एक विशिष्ट मऊपणा. "कशी आहेस? काही नाही, सहजच." तिसऱ्या दिवशी घरात इतकी सफरचंदं झाली की कापायच्या टेबलावर कापड पसरायला जागा उरली नाही.

"यांना काय झालंय सगळ्यांना?" आईने विचारलं.

"कुठे काय?" ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

*

ठरलं ते आईला पुढच्या तपासण्यांसाठी दाखल केलं त्या सकाळी, रुग्णालयाच्या कँटीनमध्ये. मामा, ताई आणि फुलीमास्तर.

घशातली गाठ वाईट होती. मोठ्या डॉक्टरांचं मत असं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून कायमचं छिद्र राहील, श्वास तिथून. आवाज जाईल.

"अक्काला यातलं काही सांगायचं नाही," मामा म्हणाला. मामा आईपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण निर्णय घेण्याच्या बाबतीत जन्मापासून वडीलधारा. "छोटी गाठ आहे, काढायची आहे, संपलं. तिला धक्का सोसणार नाही."

"आणि शुद्धीवर आल्यावर?" ताईने विचारलं. "आवाज गेलेला कळणार नाही का तिला?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. जीव वाचलेला असेल ना? आणि खरं सांगू का, रागावू नका, ती तशीही दिवसाला दहा वाक्यं बोलते."

वाईट भाग असा की फुलीमास्तरच्या मनात क्षणभर हिशेबही होऊन गेला, की दहा वाक्यं काय, पाटीवर लिहिता येतील. पुढे कित्येक दिवस त्याला त्या हिशेबाची लाज वाटत राहिली.

मोठे डॉक्टर दारातच भेटले. "पेशंटला सगळी कल्पना दिलीय ना?"

"आम्ही समजावलंय," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी फुलीमास्तरकडे बघितलं. घरचाही माणूस आणि खात्याचाही. त्याने मान हलवली. डॉक्टरांना पुढे अकरा पेशंट होते. "उद्याच सकाळी आठचा नंबर रिकामा झालाय," ते म्हणाले, "कागद तयार ठेवा."

दुपारी दोन वाजता त्याने कागद तयार केले. सात पानं, सात फुल्या. आई खिडकीशेजारच्या खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. रुग्णालयाच्या झग्याची शिवण बोटाने चाचपत होती, आणि तिचं मत चांगलं झालेलं दिसत नव्हतं.

"कागद आहेत," तो म्हणाला.

"तू आणलेस?"

"हो. इथे."

तिने सही केली. "इथे." केली. पंचेचाळीस सेकंद लागले. एरवी त्याला चाळीस पुरत, पण आईची सही लांबलचक होती, तिच्या शाळेतल्या वळणाची. तिने एकदाही वर बघितलं नाही की खाली छापलेलं बघितलं नाही. फक्त फुल्या बघितल्या.

कागद रेकॉर्ड विभागात जमा झाले. सही घेणाऱ्याच्या रकान्यात त्याची सही होती, साक्षीदाराच्या रकान्यात मामाची.

*

चार वाजता तो पुन्हा वॉर्डात गेला. ताई औषधं आणायला गेली होती. आई खाटेवर मापांची वही उघडून बसली होती आणि डोळे बारीक करून पान लांब धरत होती.

"चष्मा कुठाय तुझा?"

"ताईच्या पर्समध्ये राहिला सकाळपासून. ऐक ना." आवाज खरखरत होता, ओल्या कापडावर खडू ओढावा तसा. "गुरुवारपर्यंत बोलता येईल ना मला? शाळेच्या बाईंना माप विचारायचंय. पोरांचे अठ्ठावीस झगे आहेत. फोनवर सांगतील त्या."

तो उभाच राहिला.

चष्म्याशिवाय आई सुईत दोरा ओवत नसे. चष्म्याशिवाय तिला बटणाची भोकं दिसत नसत. दोन वाजता तिने चष्म्याशिवाय सात सह्या केल्या होत्या, आणि त्याने फळी धरली होती.

"आई, तू वाचलंस का ते मघाचं?"

"मी कशाला वाचू?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "खूण केली होतीस ना तू? खूण केली म्हणजे बघून झालं, विचारून झालं. त्याशिवाय खूण कोण करतं?"

बाहेरच्या बोळात कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक कुईकुई करत होतं. ते पार जिन्यापर्यंत जाईस्तोवर तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आलोच," आणि रेकॉर्ड विभागात गेला.

तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "फाईल? नातेवाईक म्हणून मागतोयस की स्टाफ म्हणून?"

"फरक काय?"

"नातेवाइकाला दाखवायला पेशंटची लेखी परवानगी लागते. स्टाफला काहीच लागत नाही."

"आणि पेशंटला स्वतःलाच बघायची असली तर?"

"पेशंटला?" कारकून विचारात पडला. त्याच्या अनुभवात ते बसत नव्हतं. "अर्ज करावा लागेल. पंधरा दिवस लागतात."

"ऑपरेशन उद्या आहे."

"मग ऑपरेशननंतर बघतील."

"स्टाफ म्हणून दे," फुलीमास्तर म्हणाला.

*

औषधांच्या दुकानाशी रांगेत उभ्या असलेल्या ताईच्या पर्समधून त्याने चष्मा काढून आणला. स्टूल ओढून खाटेशी बसला. नऊ वर्षांत तो पेशंटजवळ कधी बसला नव्हता. उभ्याने काम लवकर होतं.

"आई, मी चुकलोय," तो म्हणाला आणि मग एका दमात सगळं सांगितलं. गाठ कसली, काय काढणार, छिद्र कुठे, आवाज कसा जाणार. मध्ये थांबलो तर पुढचं निघणार नाही, अशी त्याला भीती होती. बोलताना तो तिच्याकडे न बघता स्टूलच्या पायाकडे बघत होता.

आईचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणून सफरचंदं," ती म्हणाली.

"हो."

"किती जणांना माहितेय?"

"बेचाळीस. आणि चष्मेवाला."

"चष्मेवाल्याला माहितेय," आई म्हणाली. "माझ्या घशात काय आहे ते चष्मेवाल्याला माहितेय." ती ओरडली नाही. ओरडायला आवाजच नव्हता. "माझं दुखणं गावभर फिरून आलं आणि माझ्याच दारात तेवढं थांबलं नाही."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"कागद दे. आणि खोडरबर."

खोडरबर त्याच्या खिशात होतं. तिने पहिलं पान मांडीवर घेतलं, तळाची फुली खोडली, रबराचा चुरा फुंकला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखालून सरकत होतं, उसवण शोधावी तसं. सात पानांना तिला एक तास दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तो नेहमी चौदा-पंधरा पेशंट उरकत असे.

ती पाचव्या पानावर असताना मामा आणि ताई आले. मामाने कागद बघितले, चष्मा बघितला, भाच्याकडे बघितलं.

"सांगितलंस तू? अरे, अक्कल गहाण ठेवलीस काय? उद्या ऑपरेशन आहे तिचं!"

"तिचं आहे म्हणूनच सांगितलं, मामा."

"अक्का, तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही तुझ्या भल्यासाठीच..."

आईने बोट पाचव्या पानावरच ठेवलं आणि वर बघितलं. "माझं लग्न ठरलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. आठवतंय? तुला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. मला शेवटी सांगितलं, कारण मला धक्का बसला असता." ती श्वास घ्यायला थांबली. "तेव्हा तू लहान होतास म्हणून सोडलं. आता साठीला टेकलायस. बस खाली. वाचू दे."

मामा बसला. त्याला बसायला कुणी सांगितल्याची बहुधा ही पहिलीच वेळ होती.

मोठे डॉक्टर साडेपाचला आले. त्यांचा चेहरा घाईचाच होता, पण खाटेवरचे कागद, रबराचा चुरा आणि समोरच्या बाईंची नजर बघून त्यांनीही स्टूल शोधलं.

"आजी, कसं आहे, काळजी करण्यासारखं..."

"आजी नको. पेशंट म्हणा." तिने मापांची वही उघडली. "न काढता होतं का?"

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि नीट सांगायला लागले. किरणं देता येतात, सहा-सात आठवडे, सोबत औषधं. काहींचा आवाज राहतो. पण तिची गाठ घशाच्या कूर्चेत, तिथल्या मऊ हाडात शिरली होती. तिथे किरणं अपुरी पडण्याचा धोका मोठा, आणि मग ऑपरेशन टळत नाहीच, उलट अवघड होतं. तिने शक्यता विचारल्या. ते म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर..." ती म्हणाली, "माझ्या जागी मी आहे. दहाजणींतल्या किती?" मग त्यांनी आकडे सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले, एका गिऱ्हाइकाच्या छाती-कंबरेच्या खाली.

"नंतर बोलताच येत नाही?"

"गळ्याला टेकवायचं यंत्र मिळतं. शिकता येतं. लोकांना समजतं. पण आवाज... तो तुमचा वाटणार नाही."

"आणि गाठ काढल्यावर ती कुणाची? पाचव्या पानावर आहे, शिकवायला वापरणार, फोटो काढणार."

डॉक्टरांनी पाचवं पान हातात घेतलं आणि वाचलं. पहिल्यांदाच वाचत असावेत. "तुम्ही नको म्हटलंत तर नाही वापरणार."

"गाठ वापरा. पोरं शिकू देत. माझं नाव लावायचं नाही आणि तोंडाचा फोटो काढायचा नाही. तसं लिहा." त्यांनी लिहिलं. "आता सांगा, थांबता येतं का?"

"किती?"

"आठ दिवस."

"आठ दिवसांनी काही बिघडणार नाही. दोन महिने म्हणालात तर मी भांडेन."

"मग उद्याची घाई कशाला होती?"

"नंबर रिकामा होता," डॉक्टर म्हणाले, आणि म्हटल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच बरं वाटलेलं दिसलं नाही.

आईने आपल्या सातही सह्यांवर एकेक आडवी रेघ मारली. "काढायचं," ती म्हणाली. "पण मी शिवणीत नेहमी दोन बोटं माया ठेवते. आठ दिवसांनी या, तेव्हा नवे कागद आणा."

*

ते आठ दिवस घरात कुणी विसरणार नाही. आयुष्यभर साठवलेली वाक्यं आईने बाहेर काढली. घोगरी, तुटक, मध्ये पाणी पीत. एकतीस गिऱ्हाइकांना तिने स्वतः फोन केले. "माझा आवाज जाणार आहे. शिवण बंद नाही. माप लिहून पाठवायचं." चष्मेवाल्याच्या दुकानात चालत गेली आणि त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याला माहीत होतं, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "लपवायचं नव्हतंच मला," परत येताना ती मुलाला म्हणाली. "सांगायचं होतं. मी."

मामाला तिने समोर बसवून दोन तास घेतले. दार बंद होतं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने फोन काढला, आईला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं, आणि तिच्यासमोर धरून विचारलं, "राहायचंय का तुला यात?" तिने विचार करून सांगितलं, "नको." ग्रुपवर पुन्हा बेचाळीस.

सहाव्या दिवशी दुपारी ती आणि फुलीमास्तर दोघंच होते. ती ताईसाठी नमुन्याच्या कागदांवर नावं घालत होती आणि घालताना एकेकाची हकिगत सांगत होती, हा कुणाच्या पहिल्या नोकरीचा शर्ट, हा एकीचा ब्लाउज, जिने नंतर घेतलाच नाही. ऊन टेबलावर तिरपं आलं होतं. त्याच्या खिशात फोन होता. बटण दाबलं असतं तर तिला कळलंही नसतं. सकाळपासून अंगठा तीनदा तिथवर जाऊन आला होता.

"आई," तो म्हणाला, "तू बोलतेस ते थोडं रेकॉर्ड करून ठेवू का?"

तिने त्याच्याकडे बघितलं. आरशासमोरच्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, नीट, वेळ घेऊन.

"नको."

"फक्त मीच ऐकेन. दुसऱ्या कुणाला नाही देणार."

"रिपोर्टही फक्त तूच बघणार होतास."

ती हे लागावं म्हणून बोलली नव्हती. माप सांगावं तसं सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाली, "विचारलंस, ते बरं केलंस."

त्याला वाटलं होतं, विचारण्यात एवढं पुण्य असेल तर उत्तर हो येईल. त्याने फोन बंद केला आणि बटणांच्या खणात ठेवला, तिच्या फोनशेजारी. मग पुढच्या नमुन्याचा कागद तिच्यासमोर धरला. "हा कुणाचा?"

*

नवव्या दिवशी सकाळी कागद आले. फुल्या नव्हत्या. आईने चष्मा लावून सातही पानं पुन्हा वाचली, पाचव्यावर आपली अट आहे का ते पाहिलं आणि सह्या केल्या. शेवटची थोडी खाली गेली. जागा दाखवायला खूण नव्हती.

ऑपरेशनच्या दारापर्यंत सगळे गेले. मामा, ताई, तो. ती शेवटचं काय बोलते यासाठी सगळ्यांनी नकळत श्वास रोखले होते. भूल देणारे तरुण डॉक्टर तिच्या उशाशी वाकले. त्यांच्या बाहीकडे बघून आई म्हणाली, "काखेत उसवलंय. नंतर आणून द्या, टाका घालते."

दार लागलं.

"हे काय बोलली?" मामाने विचारलं.

"तिला जे बोलायचं होतं ते," ताई म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली, मशीन सुरू झालं, गळ्याला रुमाल आला. आता ती पाटीवर लिहिते. दिवसाला दहाएक वाक्यं, त्यातली दोन ठरलेली. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ती पाटी त्याच्या खांद्यावरून पुढे धरते.

फुलीमास्तर आता स्टूल घेऊन वॉर्डात जातो आणि एकेका पेशंटला वीस-वीस मिनिटं लावतो. दिवसाचे चाळीस कागद होत, ते बारावर आले. दोन पेशंटनी तर वाचून नको म्हटलं. कामात दिरंगाई का होते याचा खुलासा मागणारं पत्र वरून आलं, आणि सही कुठे करायची ते कळावं म्हणून कुणीतरी त्यावर पेन्सिलीने फुली मारून पाठवली होती. ती त्याने खोडली. पत्र दोनदा वाचलं. मग खुलासा लिहायला बसला. तो अजून पूर्ण झालेला नाही.

आईचा आवाज तो रोज आठवून बघतो. नमुन्यांच्या हकिगती शब्दांनिशी आठवतात, पण आवाज विरत चाललाय. एकच शब्द अजून जसाच्या तसा ऐकू येतो, खरखरीत, न चिडलेला, सहाव्या दिवशीच्या दुपारचा.

नको.